अर्ध्यावर सोडलेले आटे

ही गोष्ट खरी आहे, आणि माझ्या घरातली आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची, पद्मजाची मुलगी सावनी. तिच्यासोबत हे घडलं. तिनं मला ते कितीदा तरी सांगितलं. दर वेळी तोच क्रम. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वाढवून सांगतो. सावनी दर वेळी थोडं कमी सांगते.

अशा गोष्टींत बहुतेक रात्र असते. अमावस्या असते, ओसाड रस्ता असतो. इथं त्यातलं काहीच नाही.

मागच्या वर्षीचा एप्रिल. गुरुवार. भर दुपार.

जागा मुकुंदवाडीच्या पुढची, जालना रोडवरून आत वळलं की लागणारी रो-हाउसची कॉलनी. मी लग्न होऊन या शहरात आले तेव्हा तिथं ज्वारी उभी असायची. चिकलठाण्याला विमान उतरायचं असलं की आम्ही जावाजावा गच्चीवर जाऊन बघायचो. आता तिथं घराला घर चिकटलंय. शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली की आपलीच समजून बाई गॅस बंद करायला उठते, इतकं जवळ.

म्हणूनच पुढं जे झालं, त्याचा उलगडा मला आजही होत नाही.

सावनी लहानपणापासूनच खोलाखोली करणारी. शाळेत असताना तिनं माझी शिलाई मशीन उघडली होती. मी रागावले. तिनं मशीन परत जोडली, आणि ती आधीपेक्षा हलकी चालायला लागली. आयटीआयला तिनं फिटर ट्रेड घेतला तेव्हा पद्मजानं अबोला धरला. आता सावनी शेंद्र्याच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. नवरा विश्वजीत वाळूजच्या कारखान्यात. मुलगी श्रेया पहिलीत. नवरा-बायकोच्या पाळ्या अशा लावलेल्या की श्रेयासाठी दोघांतलं एक जण घरी असायचंच.

कामावर जायला सावनीकडे मोटरसायकल आहे. त्या आठवड्यात ती बंद पडली होती. स्पार्क प्लग घट्ट बसत नव्हता, नुसता गोल फिरत राहायचा. ज्या भोकात तो पिळून बसवतात, त्याचे आटे, म्हणजे आतल्या पेचाच्या खाचा, झिजून गेले होते. इंजिनाच्या या वरच्या भागाला हेड म्हणतात. गॅरेजवाला म्हणाला, नवं हेड टाका. विश्वजीतही तेच म्हणाला. सावनीला ते पटेना. दिवसभर कंपनीसाठी आटे पाडायचे आणि घरच्या गाडीचे दुसऱ्याकडून पाडून घ्यायचे, ही काय रीत झाली?

"बरोबर आहे," विश्वजीत म्हणाला. "उद्या दाढ दुखली तर तीपण वाइसमध्येच धरशील."

वाइस म्हणजे कामाचा तुकडा घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा. तो तिच्या मागच्या खोलीत टेबलाला कायमचा बसवलेला होता.

तर सावनी दाऊदभाईच्या भंगाराच्या दुकानात गेली. ढिगात तिला तिच्याच गाडीचं एक जुनं हेड सापडलं. बाकी सगळं चांगलं. फक्त प्लगचं भोक कोणीतरी मोठं केलेलं होतं आणि आत नवे आटे पाडायला घेतलेले होते. आटे गेले की जुने कारागीर असंच करतात. भोक मोठं करतात, त्यात जाड आटे पाडतात, पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, पिळून बसवतात, आणि मग त्या बुशात प्लग बसतो.

या हेडात आटे निम्म्यापर्यंतच पाडलेले होते. तिथून पुढं धातू कोरा.

कोणीतरी काम मध्येच सोडलं होतं.

"मॅडम, इसका आधा काम हुआ पडा है," दाऊदभाई हसत म्हणाला. "बाकी का आधा तुम कर लेव."

सावनीला ते आवडलं. ती हेड घेऊन घरी आली.

गुरुवारी सावनीची दुसरी पाळी होती. विश्वजीत पहाटेच वाळूजला गेला. उन्हाळ्यामुळं श्रेयाची शाळा सकाळची. दुपारी व्हॅन तिला फाटकाशी सोडायची. श्रेयाला सांगून ठेवलेलं होतं, पुढचं दार बंद दिसलं की मागं यायचं, आई मागच्या खोलीत असते. सावनीनं घराला कुलूप घातलं, किल्ली कुर्त्याच्या खिशात टाकली. मोबाइल आत चार्जिंगला होता. श्रेया यायच्या आत काम उरकायचं, तिला जेवू घालायचं, विश्वजीत येईपर्यंत जैतुनबींकडं सोडायचं आणि गाडी घेऊन शेंद्रा गाठायचं, असा बेत. जैतुनबी म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीण.

मागची खोली पत्र्याची. खिडकी नाही. वर, छताचा पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट. दारही पत्र्याचंच. त्याला बाहेरून कडी होती, पण कुलूप कधीच नव्हतं. कडीत एक वाकडा खिळा अडकवून ठेवायचे, कुत्री आत शिरू नयेत म्हणून.

सावनीनं दार सताड उघडलं. वारा यावा म्हणून त्याला वीट लावली. टेबलफॅन सुरू केला. हेड वाइसमध्ये धरलं.

आता आटे कसे पाडतात ते सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे.

टॅप म्हणून एक पोलादी हत्यार असतं, स्क्रूसारखं, धार असलेलं. ते भोकात उभं धरायचं. त्याला आडवा हॅन्डल लावायचा, दोन्ही बाजूंना मुठी असलेला. दोन्ही हातांनी तो एक फेरा पुढं फिरवायचा, की धातू कापला जातो. मग अर्धा फेरा मागं घ्यायचा, की कापलेला कीस तुटून पडतो. एक पुढं, अर्धा मागं. जो नुसता पुढंच रेटतो, त्याचा टॅप आत अडकून मोडतो.

कर्र... टक.

कर्र... टक.

असा आवाज येतो. सावनी त्या आवाजावर काम ओळखते.

आणखी एक रीत आहे. ती तिला कारखान्यातल्या कडुबा मिस्त्रींनी सांगितली होती. आता ते निवृत्त होऊन गावाकडं असतात. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेल्या आट्यात आपला टॅप सरळ घालायचा नाही. आधी गोल कानशीनं वरचा आटा घासून काढायचा, त्याचं तोंड मोडायचं. मग आपलं काम लावायचं.

"न्हाय तर त्याला वाटतं," कडुबा म्हणाले होते, "आपलंच काम चालू हाय."

टूलरूममधली पोरं तेव्हा हसली होती. सावनीही हसली होती. पण कंपनीत ती रीत पाळायची, कारण त्यानं आटा वाकडा जात नाही.

त्या दिवशी तिनं नाही पाळली. घाई होती. आणि ते जुने आटे इतके सुंदर पाडलेले होते की त्यांच्यावर कानस चालवायला तिचा हात होईना.

तिनं भोकात डिझेलचे थेंब सोडले. टॅप उभा धरला...

टॅपनं पकड लगेच घेतली. तिनं दाबही दिला नव्हता. जणू खालून कोणीतरी तो हलकेच ओढून घेतला.

कर्र... टक.

काम सुरेख चाललं होतं. हाताला जोर लागत नव्हता. सावनी त्या लयीत रमली.

शेजारी कोणाचा तरी मिक्सर चालू होता. तो थांबला.

गल्लीत भाजीवाल्याचा भोंगा ओरडत होता. कांदे, बटाटे, लसूण... तोही थांबला.

छपरावर पारवे घुमत होते. ते गप्प झाले.

जैतुनबींच्या कुकरची शिट्टी सुरू झाली... आणि अर्ध्यातच कापल्यासारखी तुटली.

सावनीच्या मनात आलं, लाइट गेली वाटतं.

तिनं पंख्याकडं पाहिलं. पंखा फिरत होता. तिच्या कपाळावरचे केस उडत होते.

पण पंख्याचा आवाज येत नव्हता.

ऐकू येत होतं फक्त एकच. कर्र... टक.

तेव्हा तिचं लक्ष टॅपकडं गेलं. तो फार खाली गेला होता. हॅन्डल हेडाला टेकायला आला होता. प्लगचं भोक आरपार असतं. एवढा टॅप आत गेला म्हणजे त्याचं टोक केव्हाच खालून बाहेर यायला हवं होतं. सावनीनं वाकून खालून पाहिलं.

टोक नव्हतं.

तिनं खालून भोकात बोट घातलं. बोट आत गेलं... आणखी आत गेलं... पार मुळापर्यंत गेलं.

टॅपला लागलंच नाही.

तिनं बोट ओढून काढलं. बोटाला कीस चिकटला होता. ताजा. आणि गरम.

सावनी भित्री नाही. तिनं हॅन्डल सोडला आणि ती सरळ दाराकडं वळली. बाहेर जाऊन आधी घोटभर पाणी प्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

दार बंद होतं.

वीट जिथं लावली होती तिथंच होती. दार मात्र बंद. तिनं ढकललं. हललं नाही. खांदा लावला. पत्र्याचं ते दार, वाऱ्यानं खडखडणारं. ते भिंतीसारखं उभं होतं.

तिनं मुठीनं दारावर मारलं.

पत्रा वाजला नाही.

पुन्हा मारलं, जोरात. हात दुखला. आवाज नाही. ती ओरडली. घशाला ताण पडलेला तिला कळला. पण स्वतःचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला नाही.

आणि मग मागून...

कर्र... टक.

ती वळली नाही. तिला वळायचंच नव्हतं.

कर्र... टक.

शेवटी तिनं मान वळवली. खोलीत कोणीही नव्हतं. टॅपचा हॅन्डल एकटा फिरत होता. एक फेरा पुढं. अर्धा मागं. घाई नाही, थांबणं नाही. मुरलेल्या कारागिराचा हात असतो तसा.

सावनी स्टुलावर चढली आणि वरच्या फटीला डोळा लावला. बाहेर रखरखीत ऊन. कडेच्या बोळाच्या टोकाला आपलं फाटक. आपला तुळशीचा डबा. सगळं जागच्या जागी.

फाटकाशी व्हॅन येऊन थांबली. श्रेया उतरली. व्हॅन निघून गेली. ना इंजिनाचा आवाज, ना हॉर्नचा.

श्रेयानं पुढचं कुलूप पाहिलं आणि ती पाठीवर दप्तर घेऊन मागं आली. दारासमोर उभी राहिली. कडीच्या जागी काहीतरी पाहिलं. दोन्ही हातांनी ते ओढलं. मग मान वर करून तिनं तोंड उघडलं.

सावनीला लेकीचं तोंड दिसत होतं. ती आई म्हणून हाक मारत होती. आवाज नव्हता.

मागं हॅन्डल पुढं गेला... कर्र.

मग अर्धा मागं आला. टक.

आणि त्या क्षणी, फक्त त्या क्षणापुरता, बाहेरून आवाज आला.

"...ई!"

लगेच हॅन्डल पुढं गेला. सगळं बंद.

सावनी स्टुलावर तशीच उभी राहिली. पुन्हा टक झालं. पुन्हा तेवढाच तुकडा आला. "...आई, उघ..." पण आधीपेक्षा बारीक. तिसऱ्यांदा आणखी बारीक, जसं कोणी शेताच्या पलीकडून बोलावं.

तेव्हा तिला कळलं.

टॅप पुढं गेला की बाहेरचं जग लांब जात होतं. मागं आला की थोडं जवळ येत होतं. पण तो पुढं जायचा एक फेरा आणि मागं यायचा अर्धाच. म्हणजे दर फेऱ्याला ती लेकीपासून थोडी लांब जात होती. काम संपेल तेव्हा किती लांब गेलेली असेल, याचा विचार तिनं केला नाही. तिनं करूच दिला नाही स्वतःला.

फटीतून पाहिलं तर श्रेया दाराला टेकून खाली बसली होती. रडत होती. तिच्यावर सावली नव्हती. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं तापलेलं दार, पोटात सकाळचा डबा. आणि पोर हलायला तयार नाही, कारण आईनं सांगितलेलं की मी मागं असते.

सावनी स्टुलावरून उतरली. टेबलाशी गेली. फिरत्या हॅन्डलच्या एका मुठीवर तिनं हात ठेवला.

हॅन्डलला दोन मुठी असतात. एक तिच्या हातात होती.

दुसऱ्या मुठीवरही हात होता.

दिसत काही नव्हतं. पण दोन माणसं एक जड पेटी उचलतात तेव्हा समोरच्याचा जोर आपल्याला लाकडातून कळतो. तसा तिला कळत होता. जाड हात. सवयीचा. तिच्यापेक्षा खूप ताकदीचा.

तिनं मागं ओढलं. अर्ध्या फेऱ्यापर्यंत आलं. मग अडलं. तिनं सगळं बळ लावलं. समोरून तेवढंच बळ आलं, आणि हॅन्डल सावकाश पुढं गेला. तिच्या हातासकट.

तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

आणखी जोर लावला असता तर टॅप आतच मोडला असता. मोडलेला टॅप मग ना पुढं जातो ना मागं येतो. सावनीला ते माहीत होतं. रोजचंच काम तिचं.

मग ती रोज करते तेच तिनं केलं. अडकलेला टॅप जोरानं निघत नाही. आधी त्याला थोडं पुढं जाऊ द्यायचं, त्याच्या मनासारखं. पकड ढिली झाली की मागं घ्यायचं, पुढं दिलं त्याहून जरा जास्त. तिनं हॅन्डल अंगठाभर पुढं जाऊ दिला. समोरचा हात सैलावला. तिनं मागं घेतला. पुन्हा थोडं पुढं दिलं. पुन्हा मागं, जरा अधिक.

पंख्याची घरघर आली. लांबून आल्यासारखी, पण आली.

समोरचा हात थांबला.

आणि तिच्या कानाशी, अगदी कानाशी, कोणीतरी समजुतीच्या सुरात बोललं.

"दम धर की. होत आलंय."

सावनी म्हणते, तो आवाज वाईट नव्हता. त्याचीच तिला जास्त भीती वाटते. दुपारच्या कामात असलेल्या, दमलेल्या, भल्या माणसाचा आवाज होता तो. त्यात राग नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की दोघं मिळून एक काम करतायत, आणि ते थोडंच उरलंय.

तिनं हॅन्डल सोडला नाही. समोर पाहून, जिथं माणसाचा चेहरा असायला हवा तिथं पाहून ती बोलली. या वेळी तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"काका, माझी पोरगी बाहेर उन्हात बसलीय. तुमचं काम तुम्ही करा. मला जाऊ द्या."

काहीच झालं नाही.

मग दुसरी मूठ हलकी झाली.

सावनी भराभरा टॅप मागं घेऊ लागली. आता अडत नव्हतं. पारवे आले. भाजीवाला आला, गल्लीच्या टोकाला पोचलेला. कोणाच्या तरी टीव्हीचा आवाज आला. आणि दाराच्या पलीकडून, पत्र्याच्या पलीकडून श्रेयाचं रडणं आलं. आधी बारीक, मग मोठं, मग खरं.

त्यातच जैतुनबींचा आवाज आला. रडणं ऐकून त्या धावत आल्या होत्या.

"कायकू रोती मेरी बच्ची? ये ताला किसने डाला? सावनी... अगं सावनी, आत हायेस का?"

सावनी ओरडली. या वेळी ते बाहेर पोचलं. जैतुनबींनी दगड उचलला आणि कडीवर घातला. पत्रा दणाणला. पुन्हा घातला.

दार उघडलं.

उजेड आत आला. दारात लाल तोंडाची, घामानं भिजलेली श्रेया उभी होती.

टॅप अजून पूर्ण निघाला नव्हता. वरचे एक-दोन आटे राहिले होते. आणखी दोन फेरे, आणि तो हातात आला असता. सावनीला ते दिसत होतं.

तिनं हॅन्डल सोडला आणि ती लेकीकडं धावली.

कोणती आई थांबली असती, सांगा.

जैतुनबी चांगल्या ठणठणीत डोक्याच्या बाई आहेत. मी त्यांना स्वतः भेटून विचारलं. त्या म्हणाल्या, कुलूप होतं. पितळी, जुनं, तळहाताएवढं. दुकानाच्या शटरला घालतात तसलं. त्यांनी दोनदा दगड घातला तो त्या कुलपावरच.

दार उघडल्यावर खाली पाहिलं तर कुलूप नव्हतं. कडीत नेहमीचा वाकडा खिळा लोंबत होता. पण जैतुनबींच्या तळव्याला काळं ग्रीस लागलेलं होतं. ते साबणानं निघता निघेना.

संध्याकाळी विश्वजीत आला. त्याला आधी हे सगळं उन्हाचं वाटलं. सावनीला ऊन लागलं असेल, दार अडकलं असेल. तो मागच्या खोलीत गेला.

तो बराच वेळ बाहेर आला नाही. पद्मजा तोवर तिथं पोचली होती, तीच सांगते. शेवटी तिनं हाक मारली तेव्हा त्यानं दारात येऊन बोटानं आत दाखवलं.

हेड वाइसमध्ये होतं. आटे वरपासून खालपर्यंत पूर्ण पाडलेले होते. आत बुश बसवलेला होता, असा की सांधा दिसत नव्हता. हेड पुसून ठेवलेलं होतं. टेबलावरचा कीससुद्धा गोळा करून कोपऱ्यात सारलेला.

टॅप आणि हॅन्डल कुठंच नव्हते. ते आजवर सापडलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी विश्वजीत ते हेड घेऊन दाऊदभाईकडं गेला. दाऊदभाईनं ते हातात घेतलं, बुशावरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. हे कोणी केलं, म्हणून त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, हा माल एका बंद पडलेल्या गॅरेजातून आला होता. तिथं एक मिस्त्री होता, फार चांगला हात. एका दुपारी मालक बाहेरून शटरला कुलूप लावून जेवायला गेला, मिस्त्री आत काम करत होता. उन्हाची गिऱ्हाइकं नकोत म्हणून ते रोज तसंच करायचे. मालक परत आला, कुलूप उघडलं.

"फिर?" विश्वजीतनं विचारलं.

"फिर कुछ नहीं," दाऊदभाई म्हणाला. "अंदर कोई था ही नहीं."

हेड त्यानं ठेवून घेतलं. त्याचं पुढं काय केलं ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. सावनीच्या गाडीला नवं हेड टाकलं. मागच्या खोलीतला वाइस काढून दिला. आता तिथं कुंड्या आहेत.

गोष्ट इथं संपायला हवी होती. मलाही तसंच वाटत होतं.

पण टॅप मागं घेताना सुटलेले ते वरचे एक-दोन आटे... ते राहिलेच ना.

आधी फोनवर लक्षात आलं. सावनी बोलायला लागली की मी म्हणायचे, जरा मोठ्यानं बोल, लांबून आवाज येतोय. मला वाटलं, माझंच वय झालं. मग पद्मजा तेच म्हणाली. कंपनीतले लोक म्हणायला लागले. विश्वजीतनं तिला डॉक्टरांकडं नेलं. कान ठीक. घसा ठीक. सगळं ठीक.

आम्ही लहान असताना माहेरच्या गावी नदीच्या काठी बसायचो. पलीकडच्या तीरावर धोबी कपडे आपटायचे. आधी हात खाली आलेला दिसायचा. मग जरा वेळानं धप्प ऐकू यायचं. आम्हा पोरांना त्याची भारी गंमत वाटायची.

परवा मी सावनीकडं गेले होते. पुढच्या खोलीत बसलो होतो. श्रेया तिच्या मांडीवर बसून वेणी घालून घेत होती. तिला रिबन हवी होती, तांबडी.

मांडीवर बसल्या बसल्याच तिनं तोंडाशी दोन्ही तळहात धरले, डोळे मिटले आणि छाती भरून हाक मारली. शेताच्या त्या टोकाला असलेल्या माणसाला मारतात तशी.

"आई..."

सावनीचे हात वेणीत चालूच होते. मी तिच्या तोंडाकडं पाहत होते. तिचे ओठ हलले. हलून थांबले.

आणि मग, जरा वेळानं, "ओ" ऐकू आलं.